कळवतो, मॅडम

मराठी माणूस नोकरीला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. ‘बघतो मॅडम’ म्हणतो. ‘बघतो’ म्हणजे येणार नाही, याबद्दल मला आता शंका उरलेली नाही. ‘घरी विचारून सांगतो’ याचे मात्र दोन अर्थ आहेत. जरा थांबून, आवाज खाली आणून म्हटलं तर खरंच घरी विचारायचं असतं. घाईत म्हटलं तर दुसऱ्या कंपनीचं पत्र खिशात असतं. ‘येतोच’ म्हणणारा बहुतेक वेळा येत नाही, त्या ‘च’नं मला फार वेळा तोंडघशी पाडलंय. आणि ‘कळवतो’ म्हणजे विषय संपला. जो खरोखर येणार असतो तो यातलं काहीच म्हणत नाही. तो विचारतो, ‘मॅडम, सेफ्टी शूज कंपनी देते का आपले आणायचे?’ हे ऐकलं की मी वहीत त्याच्या नावापुढे टिक करून मोकळी होते.

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी भरतीचं काम बघते. फिटर, टर्नर, सीएनसी-व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे ऑपरेटर, क्वालिटीतले डिप्लोमावाले, अधूनमधून एखादा इंजिनिअर. २००६ मध्ये पुणे विद्यापीठातून एमपीएम, म्हणजे पर्सोनेल मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवी, करून या लाइनीत आले. पहिली तीन वर्षं एका प्लेसमेंटवाल्याकडे काढली, मग कारखाने. गेल्या वर्षी आमच्याकडे भरतीचं सॉफ्टवेअर आलं. अर्ज ते वाचतं, चाळणी ते लावतं, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अभिनंदन’ ते पाठवतं आणि ‘कळवण्यास खेद होतो’ हेही तेच पाठवतं. एकदा रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पाठवलं. आता त्या वेळी जागा असलेला माणूस एक तर थर्ड शिफ्टला असतो, नाहीतर काळजीत.

तर परवा मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, ‘सगळं सिस्टिम करते ना आता, मग तुम्ही सकाळी तासभर फोनवर काय बोलता?’ मी ‘फॉलोअप, सर’ एवढंच म्हणाले. खरी उत्तरं मीटिंग संपल्यावर जिन्यात सुचली, नेहमीसारखी. ती इथे लिहितेय.

२०१२ ची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या कंपनीत होते. लातूर जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये आम्ही कॅम्पस घेतला. फिटर आणि मशिनिस्टची मुलं. एका दिवसात लेखी, तोंडी, मेडिकलच्या तारखा, सगळं उरकलं आणि ४२ मुलं निवडली. निघताना प्राचार्यांनी शाल-नारळ दिला. परतीच्या वाटेवर मुरूडला गाडी थांबवून आम्ही भजी खाल्ली आणि सगळे एकमेकांवर खूश होतो.

जॉइनिंगच्या दिवशी गेटवर ११ मुलं आली.

तेव्हाच्या साहेबांनी निकाल दिला, ‘या पोरांना कामच नको असतं.’ हे वाक्य भोसरी-चाकण-रांजणगाव पट्ट्यात चहाइतकंच रोजचं आहे. मलाही तसंच वाटलं होतं, उगाच खोटं कशाला सांगू. मी पोरांवर चिडूनच उरलेल्या ३१ जणांना फोन लावायला बसले. झापायचं, एवढाच विचार होता. तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझा राग उतरला आणि मी वही काढून लिहून घ्यायला लागले.

त्यातल्या सात-आठ जणांना आपण निवडले गेलोय हेच माहीत नव्हतं. आम्ही पत्रं ईमेलनं पाठवली होती. बायोडाटावर ईमेल होता, म्हणून पाठवली. तो ईमेल तालुक्याच्या नेटकॅफेवाल्यानं कधीतरी अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरताना काढून दिलेला. पासवर्ड त्याच्याकडे. एका मुलानं मला त्याचा नंबर दिला, मी त्यालाही फोन केला. त्यानं कॅफे बंद करून झेरॉक्स आणि मोबाइल रिपेअरिंग टाकलं होतं. म्हणाला, ‘मॅडम, सगळ्यांचा पासवर्ड एकच ठेवलेला, आमच्या मुलीचं नाव. तुम्ही सांगा, मी आत्ता उघडून वाचून दाखवतो.’ माझ्या कंपनीच्या लेटरहेडवरची, सही-शिक्क्याची पत्रं एका झेरॉक्सवाल्याच्या मुलीच्या नावामागे पडून होती.

बाकीच्यांपैकी बरेच जण अडले होते ते पहिल्या रात्रीवर. पत्रात लिहिलं होतं, ‘सकाळी ८:३० वाजता मूळ कागदपत्रांसह हजर राहावे.’ आमच्या दृष्टीनं सगळी माहिती आली. पण लातूरची रात्रीची एसटी पहाटे शिवाजीनगरला सोडते. तिथून चाकणला कसं जायचं? ट्रंक घेऊनच गेटवर उभं राहायचं का? आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी सुटल्यावर जायचं कुठं? मुलं हे विचारत नव्हती, लाजत होती. रेणापूरकडच्या एका मुलाच्या वडिलांनी शेवटी फोन हातातून घेतला आणि म्हणाले, ‘पोरगं यायला तयार हाय हो मॅडम. पर ते झोपल कुठं?’

‘मूळ कागदपत्रांसह’ या शब्दानंही घात केला होता. आम्हाला ती फक्त पडताळून परत द्यायची होती. गावाकडे समज असा, की कंपनी ठेवून घेते. त्याच्याआधी कुणाची तरी दहावीची सनद एका ठेकेदारानं अडकवून ठेवली होती आणि ती गोष्ट सगळ्या पंचक्रोशीत पोहोचलेली होती. आमचं पत्र मात्र पोहोचलं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याच आयटीआयमधून २६ निवडले. प्रत्येकाला मी स्वतः फोन केला, बहुतेकांच्या घरच्यांशीही बोलले. आदल्या बॅचची ती ११ मुलं खराबवाडीत आणि नाणेकरवाडीत रूम करून राहत होती. नव्यांचा पहिला आठवडा त्यांच्याकडे काढायची सोय लावली. कोणाचं गाव कोणाच्या गावाजवळ, हे जुळवायला वहीची दोन पानं गेली. २१ आले. पगार तोच होता, गेट तेच होतं, साहेबही तेच होते.

तेव्हापासून रस्ता सांगणं हे माझ्या फोनचं कायमचं कलम झालं. आता शिवाजीनगरचं स्टँड मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला गेलंय, म्हणून मी सांगते, ‘वाकडेवाडीला उतर. नारायणगाव, जुन्नर, नाशिककडची कुठलीही एसटी बघ. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, मग चाकण. मोशीला उतरू नको, तिथं उतरून पुढे रिक्षावाला लुटतो.’ रस्ता सांगताना मला अंदाजही येतो. ऐकता ऐकता जो ‘थांबा मॅडम, लिहून घेतो’ म्हणतो, तो एसटीत बसतो.

हल्ली मात्र फोनची पहिली पाच मिनिटं मी खरी आहे हे पटवण्यात जातात. नोकरीच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांनी इतका उच्छाद मांडलाय की बाईचा आवाज, पुण्याचा नंबर आणि ‘तुमची निवड झाली आहे’ हे तिन्ही एकत्र आलं की समोरचा सावध होतो. व्हायलाच पाहिजे. ‘ट्रेनिंगचे भरा’, ‘युनिफॉर्मचं डिपॉझिट’, ‘गेटपासचे दोन हजार’, असे चटके बसलेले असतात. मागच्या महिन्यात वाशिमकडच्या एका मुलाच्या मामांनी फोन घेतला आणि अगदी अदबीनं विचारलं, ‘ताई, किती भरायचे ते सांगा, आम्ही सोय करतो.’ मी म्हटलं, काही भरायचं नाही. तर ते गप्प. मग म्हणाले, ‘मग तुमचा फायदा काय?’ त्यांना वाटलं, फुकट म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं. शेवटी मी त्यांना कंपनीच्या गेटचा लँडलाइन नंबर दिला आणि सांगितलं, सिक्युरिटीला फोन करा, माझं नाव घ्या, मी आहे का विचारा. त्यांनी केला. आमच्या गेटवरचे हवालदार त्यांच्याशी दहा मिनिटं गप्पा मारत बसले, पावसापाण्याची चौकशी झाली, आणि मुलगा सोमवारी हजर. आता व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या हिरव्या चौकटीतल्या ‘अभिनंदन’ला हे मामा कसे भुलणार?

पगाराचं तर फोनवरच बोलावं लागतं. पत्रावर छापलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. म्हणजे असतो, पण तो आम्हाला. एक नमुना सांगते. ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, १८,०००, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १३,०००. पत्रावर सीटीसी, म्हणजे त्या माणसामागे कंपनीला पडणारा एकूण खर्च, दिसते २१,३५८. कारण कंपनीनं भरायचा पीएफ, वरच्या खर्चासकट १३ टक्क्यांनी १,६९०, ईएसआयचे (कामगार विम्याचे) सव्वातीन टक्के ५८५ आणि ८.३३ टक्क्यांनी बोनसचे महिन्याला पडणारे १,०८३ हे त्यात धरलेले असतात. आता हातात काय येतं बघा. मुलाच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,५६०, ईएसआयचा पाऊण टक्का १३५, प्रोफेशनल टॅक्स २००, कँटीन आणि बसचे मिळून ६००. उरले १५,५०५. घरी आईला ‘एकवीस हजाराची नोकरी लागली’ म्हणून सांगितलेलं, शेजारी पेढे वाटलेले, आणि पहिल्या महिन्याला बँकेचा मेसेज येतो साडेपंधराचा. त्या मुलाला आपण फसवले गेलो असं वाटलं तर त्याचं काय चुकलं? अशी मुलं भांडत नाहीत. दुसऱ्या महिन्याच्या दहा तारखेनंतर यायची बंद होतात आणि फोन उचलत नाहीत. त्यांचं ‘कळवतो’सुद्धा येत नाही.

म्हणून मी फोनवर ‘हातात’ पासून सुरुवात करते. ‘हातात पंधरा हजार पाचशे. ओव्हरटाइम धरू नकोस, तो मिळाला तर मिळाला. आता खालून वर मोजू.’ आणि मग कोणाच्या रोलवर, म्हणजे कोणाच्या हजेरीपटावर, तेही. कंपनीच्या रोलवर, अप्रेंटिस म्हणून की ठेकेदाराकडून, हे जाहिरातीत कधीच धड लिहिलेलं नसतं. मुलांना खरा प्रश्न विचारायचा असतो तो, ‘सात महिन्यांनी ब्रेक देतात का?’ २४० दिवस भरून कायम होण्याचा दावा करता येऊ नये म्हणून मधेच ब्रेक द्यायची रीत या पट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे, पण इंटरव्ह्यूच्या टेबलावर कोणी विचारत नाही. फोनवर विचारतात. आणि मी खरं सांगते, म्हणून काही जण येत नाहीत. साहेबांना हे आवडत नाही. पण जो आला नाही त्याची जागा मी आठ दिवसांत भरते. जो येऊन, शिकून, सव्वा महिन्यानं पळाला त्याच्यामागे सुपरवायझरचं डोकं, दोन युनिफॉर्म आणि रिजेक्शनचा ढीग गेलेला असतो.

फोन कधी करायचा, हीसुद्धा एक विद्या आहे आणि मला ती कुणी शिकवली नाही. फर्स्ट शिफ्टवाला तीनला सुटतो. पण सव्वातीनला फोन केला तर तो कंपनीच्या बसमध्ये असतो, शेजारी त्याचाच सुपरवायझर. तो ‘हां, हां, बरं’ एवढंच बोलेल आणि तुम्हाला वाटेल, याला इंटरेस्ट नाही. चारनंतर करा, रूमवर पोचलेला असतो. थर्ड शिफ्टवाल्याला सकाळी दहाला फोन करणं म्हणजे पाप. शेतकऱ्याच्या मुलाला सोयाबीन काढणीच्या वेळी बोलवू नका. दसऱ्याच्या आसपास लातूर-नांदेडकडचा मुलगा घरी लागतोच. दिवाळीच्या आधी तर अनुभवी माणूस कुठल्याच कंपनीतून हलत नाही, बोनस हातात पडायचा असतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये ऑक्टोबरमध्ये ‘उमेदवारांचा प्रतिसाद कमी’ असा लाल बाण येतो. मला तो बाण बघून दर वर्षी हसू येईल असं दिसतंय.

सगळं फोनवर होतं असंही नाही. काही माणसं फोनवर कळत नाहीत, केबिनमध्ये तर मुळीच कळत नाहीत. एक गृहस्थ आले होते, पस्तीस-छत्तीसचे. भोसरीतलं ते काम करत होते ते वर्कशॉप बंद पडलेलं. आमची लेखी परीक्षा इंग्रजीत, वीस प्रश्न. त्यांनी सहा सोडवले, बाकी कोरे. इंग्रजी पेपर द्यायची ही अक्कल आमचीच, आणि तो अजूनही आहे, काय करणार. माझ्यासमोर बसले तर ‘हो मॅडम’, ‘नाही मॅडम’. सिस्टिम असती तर तिथेच गळले असते. मीसुद्धा गाळणारच होते. पण बाहेर ऊन फार होतं आणि ते भोसरीहून दोन बस बदलून आले होते, म्हणून मी म्हटलं, आलाच आहात तर मशीनशॉप बघून जा. आमच्या क्वालिटीच्या सिनिअरनं त्यांच्या हातात एक शाफ्ट आणि माप घ्यायचं व्हर्निअर दिलं, ‘घ्या, डाया मोजा,’ म्हणजे व्यास. त्यांनी शाफ्ट बाजूला ठेवला. खिशातून रुमाल काढून व्हर्निअरचे जबडे पुसले, ते मिटवले, उजेडाकडे धरून शून्याला शून्य जुळतंय का बघितलं आणि म्हणाले, ‘याला एक रेघ एरर आहे, वजा करावी लागेल.’ मग मोजलं. त्या दिवशी सकाळपासून अकरा जणांनी तेच व्हर्निअर हातात घेऊन थेट मापं सांगितली होती, आमच्या सिनिअरनं स्वतः सकाळभर त्यावरच तपासलं होतं. सिनिअर माझ्याकडे बघायला तयार नव्हता.

ते अजून आमच्याकडे आहेत. इंग्रजी पेपरचं नाव काढलं की अजून मान खाली घालतात.

आता जे सांगायचं मी इतका वेळ टाळतेय ते.

आम्ही भरतीवाले उमेदवारांच्या ‘कळवतो’वर हसतो. पण हा शब्द त्यांनी आमच्याकडूनच उचललाय. इंटरव्ह्यू संपला, माणूस पसंत नाही, की आम्ही काय म्हणतो? ‘ठीक आहे, कळवू.’ वडिलांच्या काळी ‘कॉल आला’ म्हणजे टपालानं लिफाफा आला. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव घालायचं आणि पोस्टमनची वाट बघायची. आमच्या घरी एका जुन्या फाइलमध्ये वडिलांना आलेली दोन नकाराची पत्रं होती, टाइप केलेली, खाली शाईनं सही. त्यांनी ती जपून ठेवली होती. मला लहानपणी ते विचित्र वाटायचं, नोकरी न मिळाल्याचा कागद कोणी ठेवतं का! आता वाटतं, कुणीतरी बसून त्यांच्यासाठी दोन ओळी टाइप केल्या होत्या.

२०१५ मध्ये आम्ही क्वालिटीसाठी एक जागा भरत होतो. कराडकडची एक मुलगी, मेकॅनिकल डिप्लोमा, तीन वेळा येऊन गेली. पहिली लेखी, मग डिपार्टमेंट, मग प्लँट हेड. प्रत्येक वेळी पहाटेची गाडी पकडून आलेली. शेवटी दुसऱ्याला घेतलं. कारण काही मोठं नव्हतं, त्याला एका विशिष्ट मशीनचा अनुभव होता. मी तिला म्हणाले होते, ‘दोन दिवसांत कळवते.’ दोन दिवसांनी मला सांगायला जड गेलं. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, मी मीटिंगमध्ये होते. खरंच होते. आठव्या दिवशी आला तेव्हा मीटिंगमध्ये नव्हते, फोन समोर टेबलावर वाजत होता आणि मी तो उलटा करून ठेवला. काय सांगणार, असं वाटलं. तिचा फोन नंतर आला नाही आणि मला बरं वाटलं.

आठ महिन्यांनी तशीच जागा निघाली. मी उत्साहानं तिचा नंबर काढला. फोन तिच्या आईनं उचलला. मी नाव सांगितलं, कंपनी सांगितली. त्या म्हणाल्या, ‘तुम्हीच का त्या? तुम्ही कळवणार होता ना? तुमचं येईल तुमचं येईल म्हणून तिनं कुपवाडची नोकरी सोडली हो. तिथले रोज विचारत होते, येतेस का नाही. ही म्हणायची, चाकणच्या मॅडमनी शब्द दिलाय.’

मी शब्द दिलेला नव्हता. मी ‘कळवते’ म्हणाले होते. पण त्या घरात तो शब्द झाला होता.

मी माफी मागितली. आई रागावल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, ‘नाही म्हणून सांगायचं होतं. रडली असती एक दिवस.’ तिला तोपर्यंत दुसरीकडे काहीतरी मिळालं होतं, कुठे ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या दिवसापासून सकाळचा तास सुरू झाला. साडेदहाला बसायचं, आणि आधी नकाराचे फोन. होकाराचे फोन कुणीही करेल. प्रत्येक अर्जदाराला नाही करत, एका जागेला सहाशे-सातशे अर्ज येतात, तिथं सिस्टिमचा मेसेज गेला तर काही बिघडत नाही, उलट पूर्वी तोही जात नव्हता. पण जो गेटच्या आत येऊन गेला, ज्यानं आमच्यासाठी एक दिवसाचा खाडा केला, त्याला मी बोलून सांगते. दोन मिनिटं लागतात. कारण खरं सांगते, सांगता येण्यासारखं असेल तेवढं. ‘थ्रेडिंग मोजायला जमलं नाही, ते शिकून घे’ असं. काही जण चिडतात. एकानं शिव्या दिल्या, त्याच्या बाजूनं बरोबरच होतं. बरेच जण ‘चालेल मॅडम, परत निघालं तर सांगा’ म्हणतात, आणि निघालं की मी खरंच सांगते. गेल्या वर्षी भरलेल्या माझ्या व्हीएमसीच्या चार जागांपैकी दोन आधी नाकारलेल्यांनी भरल्या. हे साहेबांना सांगायला हवं होतं.

आता साहेबांची बाजू. ती अगदीच खोटी नाही. सिस्टिम आणली त्यामागे एक कारण होतं आणि ते मला माहीत आहे: वशिला. माणसाशी बोलायचं म्हटलं की माणसाच्या मागची माणसंही बोलतात. सरपंचांचा फोन, कुणा पुढाऱ्याच्या ऑफिसातली चिठ्ठी, ‘आपलाच पोरगा आहे’. राज्य सरकारचं धोरण ८० टक्के स्थानिकांचं आहे; सरकारच्या लेखी स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा अधिवासी, त्यात लातूरचा मुलगाही आला. गावाच्या लेखी स्थानिक म्हणजे ज्याच्या आजोबाची जमीन एमआयडीसीत गेली तो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि मधे माझा फोन वाजत असतो. सॉफ्टवेअरला चिठ्ठी देता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

आणि मीही चुकलेय. एका मुलाची घरची हकिगत ऐकून, वडील गेलेले, लहान बहीण, मी त्याला घेतलं आणि त्याच्यापेक्षा हातानं चांगला असलेला दुसरा सोडला. हकिगत खरी होती. मुलगा मात्र मशीनवर टिकला नाही, त्याला स्टोअरला हलवावं लागलं. तेव्हापासून एक पथ्य पाळते: निवड होईपर्यंत घरचं काही विचारत नाही. ट्रेड टेस्ट शॉपवर, मार्क शॉपवाल्यांनीच द्यायचे. यादी पक्की झाली, सही झाली, की मग मी फोन उचलते. झोपणार कुठं, हातात किती, वडील काय म्हणतात, सगळं त्यानंतर. निवडायला माझा कान फार कामाचा नाही. निवडलेला माणूस गेटपर्यंत आणायला आहे.

साहेबांशी नंतर तडजोड झाली. सिस्टिमच्या रात्रीच्या मेसेजना सकाळी नऊनंतरची वेळ लावून घेतली, आयटीवाल्या मुलानं पाच मिनिटांत केलं, मी उगाच वर्षभर कुरकुरत होते. इंटरव्ह्यूला येऊन गेलेल्यांचे नकार सिस्टिमनं पाठवायचे नाहीत, तेवढे माझ्याकडे. आणि फोनचा तास पाऊण तासावर आणायचा, म्हणजे कागदोपत्री.

आज तीन होते. पहिला ‘बरं’ म्हणाला आणि ठेवला. दुसऱ्या मुलीनं विचारलं, लेखीला किती पडले, सांगितले. तिसऱ्यानं उचलला नाही. तो सध्या भोसरीत फर्स्ट शिफ्टला आहे, हे मीच वहीत लिहून ठेवलंय आणि तरी साडेदहाला लावला. चारनंतर परत लावते.